वाक्याला कर्ता हवा

बंदरांवरून मोडकंतोडकं इंग्रजी नाहीसं होऊन सहा-सात वर्षं झाली होती. रॉटरडॅम असो, सिंगापूर असो की आपलं जयगड असो, खलाशाने तोंड उघडलं की कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी बसलेलं शुद्ध वाक्य बाहेर पडायचं. कोकणातला पोरगा, फिलिपिन्समधला स्वयंपाकी आणि युक्रेनचा इंजिनियर एकमेकांशी अशा भाषेत बोलायचे की जुन्या काळचा एखादा इंग्रजीचा मास्तरही लाजला असता.

ही किमया सांधपट्टीची होती. जहाजावर नऊ-दहा देशांची माणसं असतात आणि सगळी कामं इंग्रजीत चालतात. पण बहुतेकांकडे इंग्रजीचे सुटे तुकडे तेवढे असतात: ‘व्हॉल्व्ह क्लोज’, ‘मी गोइंग’, ‘नो गुड’. डिझेलच्या काळात तेवढ्यावर भागत होतं. पुढे जहाजं अमोनियावर चालू लागली. अमोनिया धूर करत नाही, पण गळला तर दोन श्वासांत माणूस संपवतो. व्हॉल्व्ह बंद ‘करतोय’, ‘केला’ की ‘करू का’, एवढ्या फरकावर माणसं मरू लागली, तेव्हा सांधपट्टी आली.

गळ्यावर चिकटवायची बोटभर रुंदीची रबरी पट्टी. तुम्ही इंग्रजीचे तुकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचणार, तुकडे ओळखणार, त्यांना काळ, अव्यय, जोडशब्द लावून त्यांचं एक वाक्य सांधणार आणि ते मोठ्याने बोलणार. तेही तुमच्याच आवाजात. तो आवाज जबड्याच्या हाडातून तुमच्या कानात पोचायचा, त्यामुळे आपणच बोललो असं वाटायचं. ही सोय मुद्दाम केलेली होती. परका आवाज ऐकू आला की माणसं अडखळायची.

गुहागरजवळच्या एका गावातला सुयोग आरेकर अशा जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. त्याच गावचा तन्मय विलणकर त्याच्याच पाळीत असायचा. दोघं एका शाळेत शिकलेले, एकाच एजंटकडून भरती झालेले. ओमानच्या किनाऱ्यापासून दूर त्यांच्या जहाजाची अमोनियाची नळी फुटली. तन्मय आत, सुयोग बाहेर, मधे चाकाने उघडायचं लोखंडी दार. तन्मय गेला. जहाजाला आग लागली आणि ते दारासकट समुद्राच्या तळाशी गेलं. दारापाशी काय झालं ते पाहणारा एकच माणूस जिवंत राहिला, तो म्हणजे सुयोग.

चौकशी मुंबईत झाली. जबानी सांधपट्टीतूनच द्यायची असा आता जगभरचा नियम होता. दुभाषे केव्हाच बंद झाले होते. ते आपल्या पदरचं घालतात असा त्यांच्यावर आरोप होता.

सुयोगची बायको रसिका समोरच पहिल्या रांगेत बसली होती. ती चिपळूण-गुहागर बस चालवायची. गर्दीत, घाटात, कुठेही तिचा आवाज दबत नसे, पण त्या दिवशी ती गप्प होती. दोन खुर्च्या सोडून तन्मयची बायको ऋतुजा होती.

“दारापाशी काय झालं?” चौकशी मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं.

सुयोगचे ओठ हलले. “डोअर नॉट ओपन... तन्मय इनसाइड... गॅस कमिंग... आय फिअर...”

पट्टी क्षणभर थांबली. मग सुयोगचा स्वच्छ, ठाम आवाज दालनभर घुमला: “आय डिड नॉट ओपन द डोअर बिकॉज आय वॉज अफ्रेड, ऑलदो आय न्यू दॅट तन्मय वॉज इनसाइड.”

मी घाबरलो म्हणून दार उघडलं नाही, तन्मय आत आहे हे ठाऊक असूनही.

सुयोग दचकला. त्याने गळ्याला हात लावला. पण पुढचा प्रश्न आला, त्यानंतरचा आला, आणि पट्टी प्रत्येक उत्तर आधीच्या वाक्याशी जुळेल असंच सांधत गेली. दुसऱ्या दिवशी तो तेच वाक्य न दचकता ऐकत होता. तिसऱ्या दिवशी तर तो त्या वाक्याच्या तालावर मान डोलावत होता.

बाहेरच्या व्हरांड्यात ऋतुजाने त्याला गाठलं.

“घाबरलात, ते मी समजू शकते,” ती म्हणाली. “मीही घाबरले असते. पण ठाऊक असूनही? भाऊजी म्हणत होते मी तुम्हाला! खुनी आहात तुम्ही!”

सुयोग खाली बघत उभा राहिला. रसिकाने त्याचा दंड धरून त्याला ओढून नेलं.

त्याचा खलाशी परवाना निलंबित झाला, खटला उभा राहायची चिन्हं दिसू लागली. जहाजाचे मालक खूश होते. दार खराब नव्हतं, माणूस भित्रा होता, असं साक्षीदार स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

घरी आल्यावर सुयोग पडवीत बसून राहायचा. एका सकाळी तो रसिकाला म्हणाला, “चाकावर हात होता माझा. गार होतं ते. फिरवायचं, एवढंच होतं. मी हात काढून घेतला.”

रसिकाच्या हातातली बसची किल्ली तशीच राहिली. “हे तू मला आधी कधी सांगितलं नाहीस.”

“आता आठवतंय.”

“मस्कतच्या हॉस्पिटलातून तू मला फोन केला होतास. मराठीत बोललास, गळ्यावर पट्टी नव्हती. तेव्हा असं म्हणाला नव्हतास.”

“मग काय म्हणालो होतो?”

रसिकाला ते शब्द पाठ होते. तो रडत होता आणि मधे मधे थांबत होता. ‘वायू सुटला. तन्मय आत होता. भीती वाटली. दार उघडलं नाही.’

दार उघडलं नाही. हे ऐकताच दार अडकलं असणार, असं ती धरून चालली होती. तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आता पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की दार आपण होऊन उघडलं नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मी ते उघडलं नाही असाही होतो. मराठीत हे दोन्ही एकाच दमात म्हणता येतं. ऐकणाऱ्याने हवं ते घ्यावं.

“नक्की आठवत नाही,” ती म्हणाली आणि कामाला गेली.

त्या आठवड्यात सुयोग ऋतुजाच्या अंगणात जाऊन माफी मागायला उभा राहिला. तन्मयचे वडील बाहेर आले. “इथे उभा राहू नकोस,” ते म्हणाले. “डोक्यात नारळ पडला तर तेही आमच्याच माथी येईल.” तो परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तेव्हा मात्र कोणी बाहेर आलं नाही, नुसतं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

रसिकाने रजा टाकली आणि पुण्याला जाऊन डॉ. विशाखा सोवनींना गाठलं. सांधपट्टीचं भाषेचं गणित ज्यांनी मांडलं, त्यांच्यापैकी या एक. भेट सहजी मिळाली नाही. तीन वेळा नकार मिळाल्यावर ती संस्थेच्या दारातच ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे आत बोलावणं आलं.

“तुमच्या पट्टीने माझ्या नवऱ्याला खुनी केलं,” रसिका उभ्या उभ्या म्हणाली.

“बसा,” सोवनी म्हणाल्या. साठीच्या जवळ आलेल्या, केस बारीक कापलेल्या, नजर न हलवता बोलणाऱ्या बाई. “पट्टी तुकडे जुळवते. ती कोणावर आरोप करत नाही.”

“तो ‘डोअर नॉट ओपन’ म्हणाला होता. मी त्याचे ओठ बघत होते. त्यात ‘मी’ कुठे होता?”

“नव्हता. पण इंग्रजीत तसं चालत नाही. वाक्याला कर्ता हवा. एक तर दार, नाही तर माणूस. मराठीत कर्ता गाळता येतो, जोडशब्दही गाळता येतो. चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की झालं. इंग्रजीला त्या एकमेकींना बांधाव्या लागतात: म्हणून, तरी, असूनही. यंत्राने पुढचा तुकडा पाहिला. तिथे भीती होती. भीती दाराला वाटत नाही, माणसाला वाटते. म्हणून कर्ता माणूस. आणि घाबरलेला माणूस काहीतरी करायचं टाळतो, हे यंत्राने कोट्यवधी वाक्यांत पाहिलेलं असतं. तिथे ‘बिकॉज’ सगळ्यात घट्ट बसलं.”

“घट्ट बसलं म्हणजे खरं?”

“म्हणजे शुद्ध.”

रसिकाला त्या बाईच्या तोंडात मारावीशी वाटली. ती खुर्चीत बसली. “ठीक आहे. यंत्राने चूक केली. पण आता तो स्वतः तसं म्हणतोय. मराठीत. पट्टी नसताना! चाक गार होतं म्हणतो, हात काढून घेतला म्हणतो.”

सोवनींनी खुर्ची पुढे ओढली.

“आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे,” त्या म्हणाल्या. “कच्च्या मातीचं भांडं समजा. दर वेळी आपण ते काढतो तेव्हा ते ओलं होतं. काही तास ओलं राहतं, मग पुन्हा सुकतं. ओलं असताना त्यावर बोट लागलं तर तो ठसा तसाच सुकतो. तुमच्या नवऱ्याला चौकशीत तीन दिवस तीच घटना आठवायला लावली. भांडं ओलं होतं. त्यावर एक वाक्य पुन्हा पुन्हा उमटलं, तेही त्याच्याच आवाजात. दुसऱ्याने सांगितलेलं आपण नाकारतो. स्वतःचा आवाज कोण नाकारतो?”

“हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पट्टी आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं.”

“आणि तुम्ही गप्प बसलात!”

“तोवर जहाजांवरचे अपघात निम्म्याने कमी झाले होते. बंद केली असती तर तेवढी माणसं पुन्हा मेली असती. त्यांच्या बायका इथे येऊन बसल्या असत्या. त्यांना मी काय सांगायचं, ते तुम्ही सांगा.”

रसिकाचा संताप आणखी वाढला. “त्याच्या डोक्यातून हे काढा,” ती म्हणाली. “खरं काय घडलं ते शोधा आणि ते परत घाला.”

“शोधायला तिथे काही उरलेलं नाही. नव्या रंगाखाली जुना रंग सापडतो, तसं हे नाही. अख्खी भिंतच नवी आहे. मला एवढंच करता येईल: ती आठवण पुन्हा ओली करायची आणि तेच तुकडे दुसऱ्या तऱ्हेने सांधायचे. आम्ही त्याला पुनर्सांधणी म्हणतो. आजवर दोघांवर केली आहे. पण त्यासाठी मला वाक्य लागेल.” त्यांनी रसिकाकडे रोखून पाहिलं. “कर्ता कोण? दार की सुयोग?”

“दार,” रसिका म्हणाली.

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“माझा नवरा आहे तो.”

“मी ते विचारलं नाही.”

“दार,” रसिका पुन्हा म्हणाली.

सोवनींची एकच अट होती. सुयोगची संमती हवी. घरी येऊन रसिकाने विषय काढला, तेव्हा सुयोग उसळला. “माझा गुन्हा आहे तो! तन्मय माझ्यामुळे मेला. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे. तू काय मला धुऊन वाळत घालणार?”

“गुन्हा नाहीच तो.”

“तू होतीस तिथे?”

ती नव्हती. पण तो जेवत नव्हता, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, आणि विहिरीकडे गेला की परत येईस्तोवर तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. तिने त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, “फोनवर तू मला सांगितलं होतंस. दार अडकलं होतं, चाक फिरत नव्हतं, असं तू स्वतः म्हणालास. तेव्हा घटना ताजी होती. मी ऐकलंय, सुयोग.”

सुयोग तिच्याकडे वळला. “असं म्हणालो होतो मी?”

“शब्दन् शब्द.”

“मग मला का आठवत नाही?” तो म्हणाला आणि रडू लागला. त्याने संमती दिली ती तिच्या शब्दावर.

पुण्याच्या त्या खोलीत सोवनींनी त्याच्या गळ्यावर पट्टी लावली. या पट्टीत कर्ता आधीच ठरवून ठेवलेला होता. सुयोगने डोळे मिटले, तो दारापाशी गेला, त्याचे ओठ हलले, आणि त्याचाच आवाज म्हणाला: “द डोअर वुड नॉट ओपन, ऑलदो आय ट्राइड अगेन अँड अगेन.” मी परत परत प्रयत्न केला, तरी दार उघडेना.

पहिल्या दिवशी त्याने जोरजोरात मान हलवली. “नाही, नाही,” तो मराठीत ओरडला. रसिकाने त्याचा हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो नुसताच घामाने भिजला. आठवड्याच्या शेवटी सोवनींनी पट्टी काढली आणि साध्या मराठीत विचारलं, “दारापाशी काय झालं?”

“चाक फिरतच नव्हतं,” सुयोग म्हणाला. “दोन्ही हातांनी जोर केला. शेवटी खांदा लावला. हा, डावा.” त्याने खांदा चोळला. “अजून दुखतो.”

बाहेर आल्यावर रसिकाने विचारलं, “खांद्याचं तुम्ही घातलंत?”

“नाही,” सोवनी म्हणाल्या. “गार चाक तरी आधीच्या वेळी कोणी घातलं होतं? मेंदूला वाक्य मिळालं की त्याचे पुरावे तो स्वतः तयार करतो.” त्यांनी तिच्याकडे बारकाईने पाहिलं. “तुम्हाला हवं होतं ते झालं. आता पश्चात्ताप झाला तर माझ्याकडे येऊ नका.”

दुसरी चौकशी झाली. मंडळाने सुयोगची सत्यचाचणी घेतली. तो खरं बोलतोय असा निकाल आला. पहिल्या जबानीच्या वेळीही हाच निकाल आला होता. समुद्रतळाशी गेलेलं दार वर आणून तपासणं शक्य नव्हतं. संशयाचा फायदा देऊन मंडळाने प्रकरण बंद केलं. मालकही सुटले, सुयोगही सुटला. परवाना परत मिळाला.

तो जेवू लागला, हसू लागला, वाडीत चार माणसांत बसू लागला. रसिकाला वाटलं, आपण जिंकलो.

मग एक दिवस तो तिला म्हणाला, “तूही माझ्यावर संशय घेतलास ना?”

“मी?”

“मला डॉक्टरकडे नेलंस. वेडा झालोय असं समजून. सगळं गाव मला भित्रा म्हणत होतं, आणि तू गप्प होतीस.”

“सुयोग, तू स्वतः तसं म्हणत होतास.”

“मी कसं म्हणेन?” त्याला खरोखरच नवल वाटलं. “दार अडकलं होतं हे मला ठाऊक असताना?”

“मग ऋतुजाच्या अंगणात कशाला जाऊन उभा राहायचास?”

“सांत्वनाला,” तो लगेच म्हणाला. “मित्राची बायको ती. आणि त्यांनी मला कुत्र्यासारखं हाकललं. तिने भर व्हरांड्यात मला खुनी म्हटलं. आठवतंय मला.”

त्या दिवसापासून हा विषय त्याने सोडला नाही. चहा पिताना, अंघोळीला जाताना, बाजारात, तो तेच बोलायचा. ऋतुजाने माफी मागितली पाहिजे. रसिका म्हणायची, तिचा नवरा गेलाय रे. तो म्हणायचा, आणि माझी अब्रू गेली ती? तो पूर्वी असा नव्हता. पण त्याची बाजू खरी धरली तर त्याचा रागही खराच होता, त्यात तिला खोट काढता येईना. खरं सांगावं असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? तू निर्दोष आहेस की नाहीस हे कोणालाच ठाऊक नाही, निर्दोष असणं मी तुझ्यासाठी निवडलं, असं? ते ऐकून तो पुन्हा विहिरीकडे बघू लागला असता.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो उठला आणि म्हणाला, “चल माझ्याबरोबर.”

ऋतुजा मागल्या अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. तिचे सासरे आत झोपले होते. सुयोगला पाहून ती उठली नाही.

“वहिनी,” सुयोग म्हणाला, “चौकशीत काय ठरलं ते तुम्हाला कळलंय. मी दारावर खांदा मारत होतो तन्मयसाठी. आणि तुम्ही मला खुनी म्हणालात.”

ऋतुजाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती रसिकाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, पण थकलेला, कधी एकदा खाली ठेवता येईल अशी वाट बघणारा.

“तू सांग,” ती म्हणाली. “यांचं नको. तू सांग. हे खरं आहे?”

रसिकाने मान हलवली. हो.

ऋतुजाने हातातला रातांबा परातीत टाकला. ती म्हणाली, “चुकलं.”

“काय चुकलं?” सुयोग पुढे झाला. “कोणाचं चुकलं? नुसतं ‘चुकलं’ नाही चालणार, वहिनी. ‘मी चुकले’ म्हणा.”

“सुयोग, पुरे,” रसिका म्हणाली.

“नाही. पूर्ण म्हणू दे.”

ऋतुजाने हात परातीच्या कडेला टेकले. “मी चुकले. मी तुम्हाला खुनी म्हणाले, कारण...” पुढे तिला शब्द मिळेना. ती लाल हातांकडे बघत राहिली.

“कारण?” सुयोगने विचारलं.

सुयोग हलायला तयार नव्हता, आणि ऋतुजाला आता ते संपायला हवं होतं.

“कारण तू दुःखात होतीस,” रसिका हळूच म्हणाली. “तुला कोणावर तरी राग काढायचा होता.”

ऋतुजाने मान वर केली. तिने ते शब्द घेतले, आणि सगळं वाक्य पहिल्यापासून, न अडखळता, स्वतःच्या आवाजात म्हटलं.